रसिक वाळवी

मिल्या, जाऊन आले तुझ्या सरांच्या प्रदर्शनाला. एकटी गेले. आमंत्रण तुझ्या नावाने आलेलं, दोघांसाठीचं. दारावरच्या माणसाने विचारलं, "सोबत आणखी कुणी आहे का?" मी म्हटलं, "नाही." तेवढा एक शब्द बोलून मी तिथेच बाजूला उभी राहिले आणि बाटलीतलं पाणी प्यायले. तो बिचारा म्हणाला, "ऊन लय आहे ना, मावशी." मी म्हटलं, हो, ऊनच. खोटं बोलायला मला कधीच वेळ लागला नाही.

तू गेलास त्याला उद्या चाळीस दिवस होतील. "तू बस ताई, चहा मी टाकतो," म्हणून आत गेलास. बराच वेळ झाला, कपाचा आवाज नाही, म्हणून बघायला आले तर ओट्याला टेकून खाली बसलेलास. पातेल्यातलं पाणी आटून पातेलं काळं पडायला लागलं होतं. मी आधी गॅस बंद केला आणि मग तुला हात लावला. हा क्रम मला रोज आठवतो.

पुण्यानुमोदनाला माणसं पुष्कळ आली. भन्तेजींनी वंदना घेतली, आणि मग पंगतीत जो तो एकच बोलत होता. "हाताला काय कला होती हो, पण नशिबाने साथ दिली नाही." मी वाढत होते आणि मान डोलवत होते. नशिबाला कशाला मध्ये आणता, असं म्हणायला तोंड उघडलं नाही. ज्या हाताने वाढत होते त्याच हाताचं ते काम होतं. तर आधी ते सांगून टाकते. सांगायला अकरा वर्षं होती, तेव्हा जमलं नाही. प्रदर्शनाला जाताना रिक्षात बसल्या बसल्या मी तेच घोकत होते, की आज तिथे तुझ्या कागदांसमोर उभं राहून बोलायचं.

वाळवी लागली नव्हती, मिल्या.

दिवाणाला नाही, भिंतीला नाही, तुझ्या कागदांना तर मुळीच नाही. तू तेव्हा मुंबईला सरांकडे गेला होतास. सर आजारी, त्यांचं जवळचं कुणी नाही, महिनाभर जाऊन येतो म्हणालास आणि तीन महिने राहिलास. इकडे आमच्या प्राजूचा साखरपुडा ठरला. पाहुणे घरी येणार, म्हणून घराला रंग काढला. दिवाण जागचा हलेना, म्हणून फळी उचलून बघितलं तर आत तुझे नऊ गठ्ठे, आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधलेले. सोडून बघितले. वरच्या कागदावर आप्पा डबा घेऊन गेटातून बाहेर पडतायत. त्याच्या खालच्या कागदावर आप्पा डबा घेऊन गेटातून बाहेर पडतायत. त्याखाली तेच. त्याखाली तेच. एकेका गठ्ठ्यात दोनअडीचशे कागद, आणि ह्या गठ्ठ्यात आप्पा आपले गेटातच.

आता मी पडले मास्तरीण. निफाडच्या शाळेत तेहतीस वर्षं पोरांकडून अक्षर गिरवून घेतलं. एक ओळ दहा वेळा लिहायची, त्यातली चांगली जमलेली मला दाखवायची. मला वाटलं, हा पण गिरवतोय. एकच चित्र जमेपर्यंत गिरवलंय आणि जमलेलं वर ठेवलंय. माणूस जमलेलंच वर ठेवणार ना? म्हणून प्रत्येक गठ्ठ्यातला वरचा कागद काढला, नऊ कागद झाले, ते एका फायलीत नीट लावले. उरलेलं सगळं रद्दीवाल्याला दिलं. दोन खेपा झाल्या त्याच्या. मी वर त्याला बजावलं पण, की पट्ट्या सोडू नका, कागद उडतील.

तू मला कधी सांगितलं नव्हतंस असं नाही. अरे, शंभरदा सांगितलं असशील. "ताई, सर पहिलं चित्र काढतात आणि शेवटचं काढतात. मधली सगळी माझी. पहिल्या चित्रात पाय खाली, शेवटच्या चित्रात पाय वर. पण माणूस चालतो तो मधल्या चित्रांत चालतो." आणि मी म्हणायचे, "बरं, येताना कोथिंबीर आण." बावीस वर्षं मुंबईत सरांच्या कार्टूनच्या सिनेमांसाठी तू मधली चित्रं काढलीस. पुढे ते काम कॉम्प्युटरवर गेलं, सरांनी खोली बंद केली आणि तू पाठीवर बॅग टाकून नाशिकरोडला माझ्याकडे आलास. शिकवण्या घ्यायचास, जयंतीचे बॅनर रंगवायचास. सुट्टीच्या दिवशी मात्र खालून दिवा लागणारं ते काचेचं टेबल घेऊन बसायचास. "काय काढतोस रे एवढं?" "आप्पा. शिफ्ट सुटल्यावर घरी येतात ते." "मग आले का घरी?" "अजून गेटातच आहेत." मला वाटायचं, चेष्टा करतोय.

तू परत आलास तो अचानक. मी म्हटलं होतं, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी ये, तू चार दिवस आधीच आलास. हातपाय धुतलेस आणि सरळ दिवाणाची फळी उचललीस. तुझी पाठ माझ्याकडे होती. ती पाठ बघूनच मला कळलं की मी काय करून बसलेय. मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आणि तू वळायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, वाळवी लागली होती रे. सगळं खाल्लं. मी जेमतेम एवढे वाचवले."

फाईल तुझ्या हातात दिली. तू ती खिडकीशी नेलीस. एकेक कागद उजेडात धरलास, उलटा केलास, पुन्हा सुलटा केलास. खाली कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेत होती, तिचं ते वाजणं संपेपर्यंत तू कागद परत फायलीत लावत होतास. मग म्हणालास, "मोठी रसिक वाळवी निघाली, ताई. प्रत्येक गठ्ठ्यातला वरचा कागद तेवढा ठेवून गेली." आणि हसलास. मीही हसले. "चहा टाकतो," म्हणून तू आत गेलास. मला वाटलं, सुटले. शपथ घ्यायला आपल्यात देव नाही, पण खरंच सांगते, मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी तू वाळवीच्या औषधाचा डबा घेऊन आलास आणि एक हातपंप. नाकाला रुमाल बांधून दिवाणाच्या कोपऱ्याकोपऱ्यात मारलंस. प्राजू शिंकून शिंकून हैराण. आणि मग दर वर्षी. जयंतीच्या आधी घर झाडायला काढलं की तुझं ठरलेलं काम, दिवाण उघडायचा आणि औषध मारायचं. अकरा वर्षं, एकदाही न चुकता. मी बाजूला उभी राहून "त्या फटीत पण मार रे" म्हणायचे. पाहुण्यांनी विचारलं, की मी वाळवीची गोष्ट सांगायचे, अगदी रंगवून, आणि तू मान हलवायचास. ते काचेचं टेबल तू भिंतीला लावलंस आणि त्यावर शिकवणीच्या पोरांच्या वह्या ठेवायला लागलास. दिवा परत कधी लागला नाही.

असो. प्रदर्शनाचं सांगत होते.

तुझे सर मूळचे निफाडकडचे, हे मला तिथली पाटी वाचून कळलं. तू कधी बोलला नाहीस, की बोललास आणि मी कोथिंबीर आणायला सांगितली, कोण जाणे. आत थंडगार. पहिल्या खोलीत त्यांचं टेबल मांडलंय, हुबेहूब तुझ्यासारखं. काच, खाली दिवा, आणि कागद हलू नये म्हणून दोन छोट्या खुंट्या. शेजारी पेन्सिलींचे तुकडे काचेच्या पेटीत ठेवलेत, नखाएवढे झालेले. आपल्या घरी ते झाडताना मी सुपलीत भरले असते.

पुढच्या खोलीत भिंतीवर तो कावळा. तोच, तारेवर बसून वाऱ्याशी भांडणारा, ज्याच्या पंखांसाठी तू चार महिने आईच्या आजारपणात सुद्धा आला नव्हतास. त्यावरून मी तुझ्याशी किती भांडले होते. "कावळ्याचे पंख तुला आईपेक्षा जास्त?" म्हटलं होतं मी तुला, फोनवर, अख्ख्या स्टाफरूमसमोर. तू म्हणाला होतास, "ताई, पंख अर्धा वर आहे, तो सोडून कसा येऊ?" फोन ठेवून मी ते उत्तर सांगितलं, तर सगळ्या स्टाफरूमला हसू फुटलं होतं. आता मोठ्या पडद्यावर तो कावळा उडत होता. वर सरांचं नाव, खाली सरांचं नाव. मी चष्मा पुसून सगळ्या पाट्या वाचल्या. तुझं नाव कुठे म्हणजे कुठे नाही. तुला नाही येणार राग, मला आला. पंख वर आणि पंख खाली एवढंच त्यांचं ना? मग उडाला कुणामुळे?

तिथे एका मेजावर त्याच कावळ्याच्या चित्रांची नक्कल ठेवली आहे, जाड गठ्ठा, एका बाजूने शिवलेला. "हाताळून पाहा" लिहिलंय. मी आधी एकेक पान उलटलं. कावळा. कावळा. कावळा. कुठलीही दोन पानं काढा, एकसारखी. मग अंगठ्याखाली धरून सोडली, आणि मिल्या, तो उडाला. माझ्या अंगठ्याखालून उडाला. पुन्हा केलं, पुन्हा उडाला. चार वेळा केलं मी ते. मग दिवाणातले ते नऊ गठ्ठे डोळ्यांसमोर आले. त्यातला एक जरी मी असा अंगठ्याखाली धरला असता तर आप्पा गेटातून बाहेर पडले असते. मी गठ्ठे सोडले, कागद मोजल्यासारखे खाली-वर केले, पण अंगठा नाही लावला. आणि एक कबूल करते. आजही कुणी ते कागद माझ्यापुढे एकेक करून ठेवले तर मला फरक दिसणार नाही. मी आजही एकच ठेवीन.

शेवटच्या खोलीत तुझे नऊ कागद.

वैशाली मॅडम आठवतात ना, चांदवडच्या, प्रदर्शनाचं काम बघणाऱ्या? तू गेल्यावर बाराव्या दिवशी त्या घरी आल्या. म्हणाल्या, मिलिंद सरांनी नऊ चित्रं द्यायचं कबूल केलं होतं, अर्जही भरून दिलाय. तू मला यातलं काही बोलला नव्हतास. मी कपाटातून फाईल काढून दिली, उघडून बघायची हिंमत नव्हती. त्यामुळे अकरा वर्षांनी ते कागद मी तिथे भिंतीवर बघितले, काचेत.

एकेक बघत गेले. आप्पा गेटात. आप्पा पंपहाऊसच्या वळणावर. आप्पा सायकलवाल्याला हात करतायत. आणि पाचवा कागद. आप्पा निंबाच्या झाडाला हात टेकून वाकलेत, पायाखाली विडीचं थोटूक, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर बडीशेप.

आपलं भांडण आठवतं? दोन दिवस बोललो नव्हतो. तू म्हणायचास, आप्पा रोज त्या निंबाखाली थांबायचे, शेवटची विडी ओढायचे, खोकून घ्यायचे, बडीशेप खायचे आणि मग घरी यायचे. मी म्हणायचे, अजिबात नाही, आप्पांनी विडी सोडली होती, आईला शब्द दिला होता. "तुला काय माहीत? तू संध्याकाळच्या एसटीने यायचीस," तू म्हणालास, "गेटावर त्यांना आणायला मी जायचो." मी म्हटलं, "मेलेल्या माणसावर काहीही घालू नकोस." तू म्हणालास, "चित्र पूर्ण होऊ दे, मग बघ." ते बडीशेपेचे दाणे सुद्धा तू मोजून काढलेत रे. आणि तळवा कसा, तर आप्पांचाच, करंगळी वाकडी. हा कागद मी स्वतः निवडून वेगळा ठेवला होता. बघितला मात्र नव्हता.

तिथे उभी राहून मी तुला म्हणायला घेतलं, जे घोकून आले होते ते. तेवढ्यात खालची पाटी दिसली. पाठ झालीय मला ती.

"शिफ्ट सुटली. अपूर्ण. काढले : मिलिंद. तपासले : ताई. मूळ दोन हजारांवर चित्रांपैकी नऊ उपलब्ध. उरलेली वाळवीने नष्ट."

"तुम्ही आलात, ताई, बरं झालं," मागून वैशाली मॅडम. आता मला ताई म्हणणारं कुणी राहिलेलं नाही, आणि ह्या बाई अगदी सहज म्हणाल्या. "मला तुम्हाला विचारायचंच होतं. ह्या ताई कोण?"

मी चष्मा काढून पुसायला लागले. त्या म्हणाल्या, "सरांकडे एक शिस्त होती. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात दोन चौकटी. एकीत काढणाऱ्याची खूण, दुसरीत तपासणाऱ्याची, लाल पेन्सिलीने. तपासणाऱ्याची खूण नसेल तर चित्र पुढे जायचं नाही. मिलिंद सरांनी स्वतःच्या चित्रांवर पण तीच पद्धत ठेवलीय. हे बघा, इथे मि. आणि इथे लाल पेन्सिलीत ताई. नऊच्या नऊ कागदांवर. आम्ही सरांच्या जुन्या माणसांना फोन केले, पण ताई नावाच्या तपासनीस कुणालाच आठवत नाहीत. फार जाणकार असणार हो. नऊ सीन, आणि प्रत्येक सीनमधलं नेमकं पहिलं चित्र पास केलंय."

मी ते कागद फायलीत लावले तेव्हा ती दुसरी चौकट रिकामी होती. नऊच्या नऊ रिकाम्या. हे मी छातीठोक सांगू शकते. मास्तरणीची नजर दुसरं काही बघो न बघो, सोडलेली रिकामी जागा बरोबर बघते. म्हणजे ते तू नंतर लिहिलंस. त्या दुपारनंतर कधीतरी बसून, एकेक कागद घेऊन, लाल पेन्सिलीने. तपासले, ताई.

"आणि वाळवीचं कुणी सांगितलं?" मी विचारलं. 

"अर्जातच आहे." त्यांनी ऑफिसातून अर्ज आणून दाखवला. तुझं अक्षर. "उरलेली सामग्री : नष्ट. कारण : वाळवी." मॅडम हसून म्हणाल्या, "मी त्यांना म्हटलं पण होतं, की सर, आम्ही दिवसभर हेच बघतो. वाळवी लागलेल्या गठ्ठ्यातला कागद असा करकरीत राहत नाही. एखादं भोक, एखादी मातीची रेघ तरी येतेच. तर म्हणाले, 'मॅडम, आमच्या घरची वाळवी शिकलेली आहे.'"

तुला सांगू, त्या क्षणी मला लाज नाही वाटली. लाज नंतर वाटली. आधी राग आला, तुझाच. अकरा वर्षं! अकरा वर्षं तू रुमाल बांधून नसलेल्या वाळवीला औषध मारलंस आणि मी शेजारी उभी राहून फटी दाखवल्या. तू मला सांभाळत होतास की दर वर्षी छडी मारत होतास, ते एकदा सांगून तरी जायचंस. मला एकदा ओरडायचंस रे. "ताई, काय केलंस हे?" एवढं म्हणायचंस. मी रडले असते, पाय धरले असते, चार दिवस जेवले नसते, पण संपलं असतं. आप्पांनी आईपासून विडी लपवली, तू माझ्यापासून हे लपवलंस. बडीशेप खाऊन घरी यायचं, एवढंच शिकलात बापलेक.

मग त्या निंबाकडे बघितलं आणि राग कुठे ठेवायचा ते कळेना. ओरडायचं तू माझ्यासाठीच ठेवलं होतंस बहुतेक. ताई स्वतः कबूल करेल, मग ओरडू, असं. मी काही सांगितलं नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "ह्या पाटीवर एकच माणूस दोनदा लिहिलाय."

"म्हणजे?"

"ताई आणि वाळवी."

त्यांनी पाटी पुन्हा वाचली. पहिल्यांदा नाही कळलं. मग कळलं. त्या माझ्याकडे बघेनात, काचेवरची नसलेली धूळ ओढणीने पुसायला लागल्या. मग खुर्ची आणली, पाणी आणलं. मी बसले नाही. रद्दीवाल्याच्या दोन खेपांपासून सगळं सांगितलं, उभ्यानेच. वर्गात उभं करून विचारतात ना, तसं. त्या हळूच म्हणाल्या, "असू द्या ना, ताई. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलंय. वाळवी तर वाळवी. कुणाला कळणारे? कशाला उगाच चार माणसांत..."

हेच तर. रविवारी प्राजू आणि जावई येणार. माझ्या शाळेतल्या सगळ्या बायका एकत्र गाडी करून येणार. माझ्या हाताखालून गेलेली पोरं येणार, आता बापे झालेली, खोटं बोलली म्हणून ज्यांच्या हातावर मी पट्टी मोडली होती. मला एक क्षण वाटलं, असू द्यावं. तुला खोटं वाटेल, पण इतकं सगळं कळल्यावर सुद्धा वाटलं. तू झाकून ठेवलंयस, तर झाकलेलं बरं. तुझीच इच्छा आहे म्हणायला पण मोकळी.

मी म्हटलं, "अर्ज द्या कोरा."

"कारण" ह्या रकान्यासमोर जागा किती, तर बोटभर. तेहतीस वर्षं पोरांना सांगितलं, थोडक्यात उत्तरे लिहा. मी लिहिलं, "मोठ्या बहिणीने रद्दीत दिली. तिला ती सगळी सारखीच वाटली." खाली सही केली, पूर्ण नाव घालून. मॅडमनी विचारलं, "मग ते 'तपासले : ताई' काढून टाकू का?" मी म्हटलं, "ते त्याने लिहिलंय. त्याला हात लावू नका." शनिवारपर्यंत नवी पाटी लावतो म्हणाल्या.

रिक्षात बसून प्राजूला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामाला माहीत होतं?" मी म्हटलं, हो. "पहिल्यापासून?" हो. "मग तो औषध का मारायचा, आई?" मी म्हटलं, ये, मग बोलू. रविवारी येते म्हणाली, पण बोलण्यात नेहमीचा सूर नव्हता. येईल की नाही, बघू.

आता एक राहिलं. ते पाटीवर नाही. पाटी लहान आहे म्हणून नाही असं नाही, मॅडमना मी ते सांगितलंच नाही. तेवढं तुलाही माहीत नसावं. का तेही माहीत होतं?

तू आलास त्याच्या दोनच दिवस आधी मी रद्दी दिली होती. दुसऱ्या दिवशी, तू औषध आणायला गेलास तेव्हा, मी भाजीला निघाले. बाजाराच्या वाटेवरच दुकान त्याचं. तुझे गठ्ठे बाहेर फळीवर ठेवलेले होते, वर्तमानपत्रांच्या शेजारी, तसेच्या तसे बांधलेले. आईच्या लुगड्याचा हिरवा काठ लांबून दिसला. मी थांबले. "दादा, तेवढं परत द्या," एवढंच म्हणायचं होतं. तो देणारा माणूस होता. पण घरी काय सांगणार होते? वाळवीने खाल्लेले गठ्ठे परत कुठून आणले म्हणून? मी मेथीची जुडी घेतली आणि दुसऱ्या बाजूने घरी आले. घरभर औषधाचा वास होता आणि तू साबणाने हात धूत होतास. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गठ्ठे तिथेच होते. तिसऱ्या दिवशीही होते. चौथ्या दिवशी साखरपुडा होता, बाजारात जाणं झालं नाही. पाचव्या दिवशी गेले तेव्हा फळी रिकामी होती.